अडला की अडवला?

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. 26 ऑक्टोबर 2025, रविवारची दुपार. न्यू जर्सीत एका मित्राकडे फराळाला जमलो होतो आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना, फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध न्यू यॉर्क जायंट्स, चालू होता. आमचं राज्य या दोन संघांच्या कात्रीत सापडलेलं आहे. उत्तरेकडचे जायंट्सचे, दक्षिणेकडचे ईगल्सचे. मराठी मंडळींनीही घर कुठे घेतलं त्यावरून आपापली निष्ठा ठरवून टाकलेली. चौथा डाउन, म्हणजे दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा, आणि हवा होता एक यार्ड. ईगल्सनी त्यांचा ‘टश पुश’ काढला, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत शिरतो आणि मागून त्याचेच गडी त्याला रेटतात. ढीग अडला, जरा हलला, परत अडला. आणि त्या गर्दीतून जायंट्सच्या केव्हॉन थिबोडोनं चेंडू हिसकावून घेतला. खोलीतली निम्मी माणसं हातातल्या चकलीसकट उभी राहिली. मग पंचांचा निर्णय आला: चेंडू जाण्याआधीच हर्ट्सची आगेकूच थांबली होती, म्हणून फंबल (चेंडू हातून निसटणं) नाही, चेंडू ईगल्सचाच. उभी राहिलेली निम्मी बसली, बसलेली निम्मी उठली.

ईगल्स 38-20 असे जिंकले, तेव्हा त्या एका निर्णयावर सामना लटकत होता असं म्हणायला जागा नाही. पण तिथे पेटलेला वाद आमच्या गोतावळ्यात थँक्सगिव्हिंगपर्यंत पुरला, आणि मला त्यातली एकही बाजू पटली नाही. एका गटाचं म्हणणं, असे निर्णय रिप्लेवर तपासा, एवढे कॅमेरे कशाला टांगलेत? दुसऱ्या गटाचं, पंचांनी शिट्टी लवकर मारावी, ढीग अडला की खेळ संपला. दोघं भांडत होते खरे, पण गृहीत दोघांचं एकच होतं: रनर, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, ‘थांबला’ असा एक नेमका क्षण कुठेतरी असतो, आणि तो सापडला की भांडण मिटतं.

मला वाटतं असा क्षण बहुतेक वेळा नसतोच. मराठीत आपण अडणं आणि अडवलं जाणं यांत फरक करतो. गाडी चिखलात अडते, नाकाबंदीत अडवली जाते. पहिल्यात बघायचं ते चाक फिरतंय का. दुसऱ्यात चाकाचा संबंध नाही. गाडी आता कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न आहे, आणि ताबा बदलला हे कोणीतरी ठरवून जाहीर करावं लागतं. रनरची आगेकूच थांबणं हा दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे. म्हणून माझं म्हणणं असं: तो मैदानावरच्या पंचानंच सोडवावा, घाई न करता सोडवावा, आणि रनर थांबला होता का हे कॅमेऱ्याला विचारू नये. मात्र चेंडू सुटल्यावर ‘तो आधीच थांबला होता’ हे आठवण्याची मुभा पंचालाही असू नये. खेळ संपल्याची खूण, हात किंवा शिट्टी, चेंडू सुटण्याआधी कोणीच दिली नसेल तर चेंडू जिवंत धरावा.

आधी नियम सांगतो, कारण वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांनी तो वाचलेला नसतो. रनर रेषेबाहेर गेला की डाउन संपतो. प्रतिपक्षानं पाडल्यावर त्याचा गुडघा, कोपर, पाठ जमिनीला लागली की संपतो. हे डोळ्यांना दिसतं. आणखी एक मार्ग असा की तो पायांवर उभा असतानाच त्याला असा धरला की त्याची पुढची चाल संपली. या ‘फॉरवर्ड प्रोग्रेस’च्या, म्हणजे आगेकुचीच्या, पोटात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिला, कुठे: रनर जास्तीत जास्त जिथवर पोचला तिथे चेंडू ठेवायचा, मग पुढे चौघांनी त्याला दहा यार्ड मागे नेला तरी. ही तरतूद नसती तर बचाव करणाऱ्यांनी त्याला पाडण्याऐवजी पालखीत घालून त्याच्याच गोलरेषेमागे पोचवला असता आणि वर सेफ्टीचे दोन गुण घेतले असते. दुसरा प्रश्न, केव्हा: ही चाल संपली कधी. पहिल्याला उत्तर असतं. दुसऱ्याला मत असतं. वाद घालताना आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

मुलगा शाळेच्या संघात होता तेव्हा दोन हंगाम मी शुक्रवारी संध्याकाळी साखळी धरायचं काम केलं. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या, आणि तिसऱ्याच्या हातात डाउनचा आकडा दाखवणारा खांब. शाळांच्या सामन्यांना या कामासाठी बहुधा पालकच पकडतात. काम सोपं, अट एकच: काठी हातात असेपर्यंत टाळी नाही, ओरडणं नाही, स्वतःचं पोर धावत असलं तरी. लाइन्समन, म्हणजे कडेचा पंच, आपल्यापासून दोन पावलांवर उभा असतो. आमच्याकडे बऱ्याचदा जो यायचा तो आठवडाभर प्लंबिंगची कामं करायचा. गुडघे गेलेले, पण कडेनं सरकायचा मांजरासारखा. त्याची शिट्टी तोंडात नसे, बोटात अडकवलेली असे. कारण विचारलं तर म्हणाला, ‘तोंडात असली की दचकल्यावर वाजते.’ पंचाला सगळ्यात मोठी भीती असते ती चुकून वाजलेल्या शिट्टीची. उशीर झाला तर निभावून नेता येतं, वाजलेली शिट्टी परत गिळता येत नाही.

मी खेळ कमी आणि त्यालाच जास्त बघत असे. रनर घोळक्यात शिरला की हा त्याच्या समांतर सरकायचा आणि एका जागी पुढचा पाय रोवायचा. घोळका मागे लोटला गेला तरी पाय तिथेच. पुढे सरकला तर पायही बोटभर पुढे. म्हणजे ‘कुठे’चं उत्तर त्याच्या बुटाखाली तयार असायचं, पण हात वर जायचा तो आणखी एका श्वासानंतर. त्या मधल्या वेळात काय बघतोस, असं एकदा मध्यंतरात विचारलं. म्हणाला, ‘पाय बघतो. अजून त्याचेच आहेत का, की त्यांचे झालेत.’ रनरची पावलं जमिनीत रुतून ढकलतायत तोवर तो कितीही अडकलेला दिसला तरी चालतोय. पावलं उचलली गेली, किंवा दुसऱ्याच्या जोरानं उलटी पडायला लागली, की झालं. ‘ताबा गेला’ हे शब्द माझे. त्यानं फक्त मूठ मिटून दाखवली.

त्या फराळाच्या दुपारी मित्राचे वडील, आप्पा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले, तरुणपणी कबड्डी खेळलेले. या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. सगळा गोंधळ शांत झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘पण ह्याचा दम कोण बघतो?’ पोरं हसली. मला तो त्या दुपारचा एकमेव शहाणा प्रश्न वाटला.

कबड्डीत चढाई करणारा धरला गेला म्हणून बाद होत नाही. अंगावर पाच जण पडले असले तरी त्याचा ‘कबड्डी कबड्डी’ चालू आहे तोवर तो जिवंत आहे. हात लांबवून बोटानं मध्यरेषा शिवली तर उलट धरणारेच बाद. दम तुटला की संपलं. शेवटाची खूण खेळाडूच्याच तोंडात, आणि ती सगळ्यांना ऐकू येणारी. आता तीस सेकंदांचं घड्याळ आलं आहे, तरी मूळ कल्पना तीच. गंमत म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुळाशीही हेच होतं. इंग्लंडमधल्या रग्बी युनियनच्या 1871 च्या नियमांत असं होतं की चेंडू घेतलेला खेळाडू पकडला गेला आणि चेंडू नीट धरला गेला, की त्यानं तत्काळ ‘डाउन’ म्हणून ओरडायचं आणि चेंडू तिथेच खाली ठेवायचा. पुढे 1876 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांनी रग्बीचे नियम घेतले, त्याबरोबर हेही आलं. आज टीव्हीवर ‘थर्ड डाउन’, ‘फोर्थ डाउन’ ऐकतो तो ‘डाउन’ म्हणजे मुळात पकडलेल्या माणसाचं स्वतःचं ‘संपलं बाबा’.

हे मोडलं का? मला कारण हिशेबात दिसतं. येलचे खेळाडू वॉल्टर कॅम्प यांच्या खटपटीनं 1880 मध्ये स्क्रिमेजची रेषा (डाव सुरू होताना दोन संघांना वेगळं ठेवणारी) आली आणि 1882 मध्ये ठरलं की तीन डाउनमध्ये पाच यार्ड काढा नाहीतर चेंडू सोडा. एकदा यार्डाला किंमत आली की कोण शहाणा स्वतःहून ‘अडलो’ म्हणेल? मग गडी ओढा, ढकला, हात गुंफून भिंत करा, असले प्रकार वाढले. खेळ इतका जीवघेणा झाला की 1905 च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. 1910 मध्ये रनरला ढकलणं-ओढणं बंद झालं. व्यावसायिक खेळात तर 1955 पर्यंत पडलेला रनर, दाबून धरलेला नसेल तर, उठून परत पळू शकत असे. त्या वर्षी तेही थांबवलं. म्हणजे पाऊण शतकात शेवट जाहीर करण्याचा हक्क खेळाडूच्या तोंडातून निघून पंचाच्या शिट्टीत गेला. हक्क गेला ते ठीकच झालं. पण खूण ऐकू येणारी असावी, ही त्याच्याबरोबरची अट वाटेत कुठेतरी सांडली.

आता समोरच्यांचे मुद्दे. रिप्लेवाल्यांचा मुद्दा हलका नाही, आणि ते मांडतात त्याहून चांगला मांडता येतो. रनर टेकला होता की नाही हा निर्णय एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, एके काळी तपासताच येत नसे. पंच ‘टेकला’ म्हणाले की विषय बंद. 2006 पासून तो तपासता येतो. चेंडू आधी सुटला होता आणि प्रतिपक्षानं तो स्पष्टपणे उचलला असं दिसलं तर निर्णय फिरतो. आभाळ कोसळलं नाही. मग उभ्या रनरच्या बाबतीतच हे कवच कशाला? 6 जानेवारी 2018 ला कॅन्सस सिटीत प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यात टेनेसी टायटन्सचा क्वार्टरबॅक मार्कस मारिओटा याला चीफ्सच्या डेरिक जॉन्सननं धरून आपटला, चेंडू सुटला, चीफ्सनी उचलला. पंच म्हणाले, आगेकूच आधीच थांबली होती. धरणं आणि आपटणं एकाच झपाट्यात झालं तर त्यात ‘आधी’ कुठून आलं, हे मला आजवर कोणी समजावू शकलेलं नाही. आणि हा निर्णय तपासता येत नाही. टायटन्सनी त्याच चढाईत फील्ड गोल (चेंडू खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारला आणि सामना 22-21, एका गुणानं, जिंकला. चीफ्सच्या चाहत्याजवळ हा विषय आजही जपून काढावा लागतो.

निर्णय वाईट होता, कबूल. पण एक वाईट निर्णय रिप्लेनं सुधारला असता म्हणून तो इलाज सगळ्यांना लागू होतो का? गुडघा टेकणं ही घटना आहे. एका चित्रात गुडघा आणि गवत यांच्यामध्ये फट असते, पुढच्या चित्रात नसते. अडवलं जाणं ही घटना नाही, तो कल आहे. मागचं-पुढचं बघितल्याशिवाय तो कळत नाही. सेकंदाचे साठ तुकडे करून बघा, प्रत्येक तुकड्यात रनर थांबलेलाच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ झेनोनं याच युक्तीनं सुटलेला बाण हवेत उभा केला होता. आणि त्याच तुकड्यांकडे जायंट्सच्या चाहत्यानं पाहिलं तर खांदा केसभर पुढे सरकतोय असंही दिसेल. क्रिकेटमध्ये जमिनीलगतच्या झेलांचं काय झालं हे आपण पाहिलंय: साध्या वेगात स्वच्छ दिसलेला झेल संथ केला की संशयित होतो. संथ चित्रात जोर दिसत नाही, वजन दिसत नाही, पाय कोणाचे आहेत ते दिसत नाही. माझा प्लंबर लाइन्समन ज्या खुणेवर निर्णय घ्यायचा नेमकी तीच खूण रिप्लेतून गळून जाते.

म्हणून कॅमेरा वापरायचाच असेल तर तो रनरकडून पंचाकडे वळवा. पंचाचा हात वर गेला तेव्हा चेंडू कुठे होता? याला उत्तर आहे, दोन चित्रांत मिळणारं. कॅन्सस सिटीत एवढं एकच विचारायची सोय असती तर वाद तिथल्या तिथे संपला असता, कोणत्या का बाजूनं होईना.

लवकर शिट्टी मागणारे वेगळ्या कारणानं बोलतात, आणि ते कारण माणुसकीचं आहे. दोघांनी दोन्ही दंड धरलेत, रनर उभा, छाती उघडी, आणि तिसरा लांबून धावत येतोय. तो अर्धा क्षण किती लांब असतो ते काठी धरून उभ्या असलेल्या बापाला विचारा. एनएफएलनं 1979 मध्ये क्वार्टरबॅकपुरती ही भीती मान्य केली: तो स्पष्टपणे पकडीत सापडला की ताबडतोब शिट्टी मारा अशी सूचना पंचांना दिली गेली. मी त्याच्या विरोधात नाही. पकडीत सापडलेल्या, मान वळवू न शकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणं हे यार्डांपेक्षा मोठं आहे.

पण ‘पकडीत’ म्हणजे किती पकडीत? 3 फेब्रुवारी 2008, ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमधला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्या हंगामात 18 पैकी 18 सामने जिंकून आलेले. शेवटचं सव्वा मिनिट उरलेलं, तिसरा डाउन, पाच यार्ड हवे, आणि जायंट्सच्या इली मॅनिंगची जर्सी मागून दोघांनी मुठीत धरली. कापड ताणलं गेलं. कोणीही सामान्य माणसानं तिथे शिट्टी मारली असती. रेफरी माइक कॅरी जवळच होते, त्यांनी मारली नाही. मॅनिंग सुटला, मागे सरकून चेंडू उंच फेकला, आणि डेव्हिड टायरीनं तो स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. 32 यार्ड. थोड्या वेळात जायंट्सनी टचडाउन केला आणि 17-14 असा सामना जिंकला. जर्सी धरलेली होती. ताबा गेलेला नव्हता. कॅरींनी पाहिला तो हा फरक. त्या जागी अधीर पंच असता तर त्याला कोणी दोष दिला नसता, आणि या खेळातला सर्वांत प्रसिद्ध झेल झालाच नसता. सुरक्षेसाठी लवकर शिट्टी मारावी म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच की उघड्या छातीवर येणाऱ्या तिसऱ्या माणसाला त्याच्या धडकेबद्दल शिक्षा करा; नियमात त्याची सोय आहे. त्याच्या अपराधापोटी रनरचा प्रयत्न जप्त करू नका.

तिसरा मुद्दा मला खरोखर अवघड गेला. पंच मंडळी सांगतात, शिट्टी खेळ मारत नाही, मेलेला खेळ जाहीर करते. नियमाच्या दृष्टीनं चेंडू मृत होतो तो आगेकूच थांबते त्याच क्षणी. पंचानं ते पाहणं, मेंदूला पटणं, हात उचलणं, यात वेळ जाणारच. त्या वेळात चेंडू कोणी हिसकावला तर पंचाच्या संथपणाची शिक्षा रनरला का? क्रिकेटचा विसावा नियमही यांच्याच बाजूनं बोलतो. चेंडू यष्टिरक्षकाच्या किंवा गोलंदाजाच्या हाती अखेरचा विसावला की मृत होतो, त्यासाठी कोणी ओरडावं लागत नाही, आणि तो विसावला की नाही हे ठरवणं सर्वस्वी पंचाकडे. 2 जुलै 2023 ला लॉर्ड्सवर जॉनी बेअरस्टोनं ते स्वतःच ठरवलं आणि क्रीझ सोडून चालू लागला. ॲलेक्स केरीनं चेंडू हाती येताक्षणी यष्ट्यांकडे फेकलेला होता. बाद. तेव्हा खेळ कधी संपला हे खेळाडूनं ठरवायचं नाही, पंचाच्या मनात ते आधीच ठरलेलं असतं, असा हा युक्तिवाद.

क्रिकेटमध्ये तो चालतो, कारण त्या धूसर वेळेत थांबून कोणाला काही कमावता येत नाही. आणि फलंदाजाचा इलाज त्याच्याच पायाशी आहे: संशय असेल तर रेषेच्या आत उभा राहा. टश पुशच्या ढिगात तसं नाही. एनएफएलनं 2005 मध्ये रनरला मागून ढकलायला परत परवानगी दिली (ओढायला नाही), आणि पुढे उभे, हुंदडणारे, न पडणारे ढीग ही रोजची बाब झाली. ग्रीन बे पॅकर्सनी हा डाव बंद करायचा ठराव आणला, तो मे 2025 मध्ये 22-10 अशा मतांनी पडला. 24 हवी होती. राहिला तर राहू दे, मला त्या डावाचं वाकडं नाही. पण त्यात काय होतं बघा. ढीग अडतो. शिट्टी नाही. मागून दुसरा रेटा येतो, ढीग हातभर पुढे जातो, तो हातभर मोजला जातो, कारण शिट्टी वाजली नव्हती. पुढच्या वेळी तसाच ढीग अडतो, शिट्टी नाही, दुसरा रेटा येतो, आणि या वेळी चेंडू सुटतो. ते सुटणं मोजलं जात नाही, कारण आगेकूच ‘आधीच’ थांबली होती. धूसर वेळ तीच, पंच तेच, फरक फक्त निकालाचा. दोन्ही हातांत लाडू, आणि दोन्ही एकाच बाजूचे.

वाढीव मुदतीचा फायदा ज्यानं घ्यायचा, त्या मुदतीची जोखीमही त्यानंच उचलायची, यात न पटण्यासारखं काय आहे? रग्बी लीग या रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात हे फार साधेपणानं सोडवलंय. तिथेही उभ्या खेळाडूला पुढे जाता येईना आणि चेंडू सोडवता येईना असा धरला की टॅकल (पकड) पूर्ण होतो, व्याख्या जवळजवळ आपलीच. पण रेफरी जवळ उभा राहून मोठ्यानं ‘हेल्ड!’ म्हणतो. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे दिलेलं आहे: दम पंच बघतो, आणि बोलून दाखवतो.

हो, माझ्या नियमानं एखाद्या रनरवर अन्याय होईल. हात वर जायच्या पाव सेकंद आधी त्याचा चेंडू जाईल आणि तो खरोखरच ताब्यात गेलेला असेल. मला ते मान्य आहे. तो अन्याय आज या संघावर, उद्या त्या संघावर पडेल, आणि सगळ्यांना दिसेल. शिवाय चेंडू घट्ट धरणं हे शेवटपर्यंत रनरचंच काम आहे.

‘कुठे’च्या प्रश्नाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर माझं भांडण नाही. 26 जानेवारी 2025 ला बफेलो बिल्सचा जॉश ॲलन चौथ्या डाउनला ढिगात घुसला, मैदानाच्या दोन कडांवरचे दोन पंच दोन वेगळ्या जागा दाखवत आत आले, आणि ठरलं की अंतर कमी पडलं. बिल्स तेव्हा 22-21 असे पुढे होते. चीफ्स 32-29 असे जिंकले. त्याच वर्षीच्या हंगामापासून एनएफएलनं साखळीऐवजी हॉक-आयच्या कॅमेऱ्यांनी मोजायला सुरुवात केली, आणि पुष्कळांना वाटलं की आता असे वाद संपले. पण कॅमेरे मोजतात ते ठेवलेल्या चेंडूपासून रेषेपर्यंतचं अंतर. चेंडू कुठे ठेवायचा ते अजून त्या कडेच्या पंचाचा बूटच सांगतो. उद्या चेंडूतल्या चिपनं बुटाचं काम घेतलं तर जरूर घ्यावं. लाइन्समनचे गुडघे तरी वाचतील.

दुसऱ्या हंगामातला एक शुक्रवार. पाऊस पडून गेलेला, कडेचं गवत चिखल झालेलं. आमचा रनर उजवीकडून निघाला, तिघांनी धरला, उभाच. पाय चालू होते, मी बघत होतो, एक, दोन, तीन छोटी पावलं, चिखलात घसरत. आमच्या बाजूचे सगळे पालक ओरडत होते, शिट्टी मार, शिट्टी मार. लाइन्समनचा पुढचा पाय रोवलेला, हात खालीच. चेंडू बाहेर उडाला, समोरच्या पोरानं पोटाखाली घेतला. आमचा कोच टोपी आपटून पुढे आला, तो थांबला होता, कधीचा थांबला होता! लाइन्समननं मान न वळवता सांगितलं, ‘कोच, त्याचे पाय चालू होते.’ आणि दुसऱ्या बाजूला हात दाखवला.

माझंही आतून ‘शिट्टी मार’ चाललं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. चिखलातून काठी उपसली. ताबा बदलला की साखळीची दिशा बदलते, पुढची काठी मागची होते. आम्ही तिघं वळलो आणि उलट्या दिशेला तोंड करून उभे राहिलो.